पचन तंत्राचे अंतर्दर्शन

ग्रसिका, जठर, ग्रहणी, बृहदांत्र इ. पचन तंत्रातील पोकळ इंद्रियांचा अंतर्भाग, शरीरावर छेद न घेता, तोंडावाटे किंवा गुदद्वारावाटे आत सोडलेल्या प्रकाशयुक्त नळीतून प्रत्यक्ष पाहण्याच्या, तेथील ऊतकाचा नमुना घेण्याच्या आणि शक्य असेल तेथे त्याच वेळी उपचार करण्याच्या पद्धतीला अंतर्दर्शन म्हणतात. त्यासाठी वापरण्यात येणाऱ्या उपकरणाला अंतर्दर्शक अशी संज्ञा आहे. वैद्यक व्यवसायात ‘एंडोस्कोपी’ हा शब्द रूढ असून महाराष्ट्रातील सामान्य रुग्ण या परीक्षेला ‘दुर्बिणीची तपासणी’ म्हणतात.

या पद्धतीचा इतिहास मुख्यतः चार प्रश्नांभोवती गुंफलेला आहे. शरीराच्या अंधाऱ्या पोकळीत प्रकाश कसा न्यावयाचा, वळणाच्या मार्गातून प्रतिमा बाहेर कशी आणावयाची आणि डोळ्यांना जे दिसते त्याचा खरा अर्थ कसा ठरवावयाचा, हे त्यांपैकी पहिले तीन होत. ते समाधानकारक रीतीने सुटण्यास सु. १५० वर्षे लागली. हे साधन व ते हाताळणारा कुशल हात गरजू रुग्णापर्यंत वेळेवर कसा पोहोचवावयाचा, हा चौथा प्रश्न होय. नाशिकसारख्या विस्तीर्ण व अंशतः डोंगराळ जिल्ह्यात तो अद्याप पूर्णपणे सुटलेला नाही.

पूर्वपीठिका : सुश्रुतसंहितेत यंत्रांचे जे वर्ग सांगितले आहेत, त्यांत नाडीयंत्रे हा पोकळ नळ्यांचा वर्ग असून त्याचे २० प्रकार मानलेले आहेत. शरीरमार्गात अडकलेले शल्य बाहेर काढणे व चोषण करणे यांबरोबरच रोगाचे दर्शन हाही त्यांचा एक उपयोग सांगितलेला आहे. मूळव्याधीसाठी वापरावयाच्या अर्शोयंत्राची रोग पाहण्यासाठी एक आणि प्रत्यक्ष कर्म करण्यासाठी दुसरे अशी निराळी रूपे वर्णिलेली आहेत. इटलीतील पाँपेई या इ. स. ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडल्या गेलेल्या शहराच्या उत्खननातही गुदांत्र पाहण्याची धातूची साधने मिळाली आहेत. नळीतून पाहणे व त्याच नळीतून उपचार करणे ही कल्पना अशा प्रकारे प्राचीन आहे; परंतु या सर्व साधनांची पोच बाहेरचा उजेड पडेल तेवढ्या भागापुरतीच मर्यादित होती.

कठीण नळ्यांचा काल : फ्रँकफुर्ट येथील वैद्य फिलिप बोत्सिनी (१७७३–१८०९) यांनी १८०६ च्या सुमारास ‘प्रकाशवाहक’ या अर्थाच्या जर्मन नावाने एक उपकरण पुढे आणले. त्यात मेणबत्तीचा उजेड आरशाच्या साहाय्याने शरीराच्या पोकळीत टाकला जाई. व्हिएन्ना येथील वैद्यक विद्याशाखेने या उपकरणास मान्यता दिली नाही. पुढे १८५३ मध्ये पॅरिस येथील आंत्वान झां देसॉर्मो यांनी मद्यार्क व टर्पेंटाइन यांच्या मिश्रणावर जळणारा दिवा जोडलेले उपकरण तयार केले. मूत्रमार्ग व मूत्राशय यांच्या परीक्षेसाठी त्याचा उपयोग होऊ लागला. ‘एंडोस्कोप’ हे नाव त्यांनीच रूढ केले.

जठरापर्यंत पोहोचण्याचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न आडोल्फ कुसमाउल (१८२२–१९०२) यांनी १८६८ मध्ये जर्मनीतील फ्रायबुर्ख येथे केला. तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका इसमाला मान मागे झुकवून घसा व ग्रसिका एका सरळ रेषेत आणता येतात, हे लक्षात घेऊन त्यांनी ४७ सेंमी. लांब व १३ मिमी. व्यासाची सरळ नळी त्याच्या जठराकडे नेली. सरळ नळी आत जाऊ शकते, एवढे त्यावरून सिद्ध झाले. परंतु देसॉर्मो यांच्या दिव्याचा उजेड इतक्या अंतरावर पुरला नाही आणि जठरातील द्रवामुळेही दर्शनात अडथळा आला.

व्हिएन्ना येथे योहान फोन मिकुलिच (१८५०–१९०५) यांनी योझेफ लाइटर या उपकरणकाराच्या साहाय्याने १८८१ मध्ये खऱ्या अर्थाने वापरण्याजोगा जठरदर्शक बनविला. त्याच्या टोकाशी विजेने तापून प्रकाश देणारी प्लॅटिनमाची तार असून ती थंड ठेवण्यासाठी नळीतून पाणी खेळविले जाई. खालच्या भागात नळीला किंचित बाक दिलेला होता. त्याच वर्षी व त्याच शहरात मिकुलिच यांचे गुरू टेओडोर बिलरोट यांनी जठराचा कर्करोगग्रस्त भाग कापून काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. शस्त्रक्रियेतून ती रुग्ण स्त्री वाचली. परंतु रोग आधीच पसरलेला असल्याने ती पुढे सु. चार महिनेच जगली. कर्करोगाची गाठ काढण्याचे तंत्र साध्य झाले होते, पण ती वेळेवर ओळखण्याचे साधन नव्हते. पुढील काळातील अंतर्दर्शनाच्या विकासामागे ही उणीव सतत उभी असलेली दिसते.

कठीण नळी घालणे रुग्णाला अत्यंत त्रासदायक होते व ग्रसिकेला छिद्र पडून मृत्यू ओढवण्याचा धोका मोठा होता. अशा परिस्थितीत व्हिल्हेल्म राँटगेन यांनी १८९५ मध्ये लावलेल्या क्ष-किरणांच्या शोधामुळे निदानाचा दुसराच मार्ग खुला झाला. प्रथम बिस्मथाची व १९१० च्या सुमारापासून बेरियम सल्फेटाची लापशी पाजून जठर व आतडे यांची छायाचित्रे घेण्यात येऊ लागली. ही परीक्षा सुरक्षित व स्वस्त असल्याने पुढील सु. ६० वर्षे तीच पचन तंत्राची प्रमुख परीक्षा राहिली. मात्र तिच्यात केवळ छाया दिसते. श्लेष्मकलेचा रंग, बारीक रक्तस्राव किंवा वरवरचा शोथ तीत दिसत नाही आणि आढळलेला व्रण साधा आहे की कर्करोगाचा, हे पुष्कळदा निश्चित सांगता येत नाही.

अर्धलवचिक जठरदर्शक : म्यूनिक येथील रूडोल्फ शिंडलर (१८८८–१९६८) यांनी बर्लिनचे उपकरणकार गेओर्ख व्होल्फ यांच्या सहकार्याने १९३२ मध्ये अर्धलवचिक जठरदर्शक तयार केला. त्याचा जठरात जाणारा खालचा भाग काही अंशाने वाकू शकत असे व आत ओळीने बसविलेल्या अनेक लहान भिंगांमुळे बाक आल्यावरही प्रतिमा डोळ्यापर्यंत येत असे. या उपकरणामुळे परीक्षेतील धोका पुष्कळ कमी झाला. नाझी राजवटीत जर्मनी सोडावी लागल्याने शिंडलर १९३४ मध्ये शिकागो येथे गेले आणि अमेरिकेत या विद्येचे केंद्र तयार झाले. तेथे १९४१ मध्ये त्यांच्या पुढाकाराने जठरदर्शकांची संघटना स्थापन झाली. तरीही जठराचे काही भाग या उपकरणाला दिसत नसत आणि ग्रहणीत शिरणे त्याला शक्य नव्हते.

जठराच्या कर्करोगाचे प्रमाण फार मोठे असलेल्या जपानमध्ये निराळ्या दिशेने प्रयत्न झाले. टोकिओ विद्यापीठातील शल्यचिकित्सक तात्सुरो उजी आणि ऑलिंपस कंपनीतील अभियंते यांनी १९५० मध्ये नळीच्या टोकाशी अतिलहान कॅमेरा व दिवा बसविलेला ‘जठर कॅमेरा’ तयार केला. वैद्याला आत पाहता येत नसे, तथापि घेतलेली छायाचित्रे नंतर बारकाईने तपासता येत. या अनुभवाच्या आधारे १९६२ मध्ये जपानी तज्ञांनी जठराच्या ‘प्रारंभिक कर्करोगा’ची व्याख्या निश्चित केली. श्लेष्मकला व तिच्या लगतचा खालचा थर यांपुरता मर्यादित असलेला कर्करोग या संज्ञेत येतो. या अवस्थेत उपचार झाल्यास पाच वर्षांहून अधिक जगणाऱ्या रुग्णांचे प्रमाण शेकडा ९० पेक्षा जास्त असते. बिलरोट यांच्या रुग्ण स्त्रीच्या बाबतीत जे साध्य झाले नाही, ते केवळ वेळेवर पाहण्यामुळे साध्य झाले.

तंतुप्रकाशकी : अधिक प्रणमनांकाच्या पारदर्शक काचतंतूत शिरलेला प्रकाश भिंतीवरून वारंवार पूर्ण परावर्तित होत, तंतू वाकलेला असतानाही, दुसऱ्या टोकापर्यंत जातो. असे हजारो तंतू दोन्ही टोकांना एकाच क्रमाने जुळविले, तर प्रत्येक तंतू प्रतिमेचा एक बिंदू वाहून नेतो व सर्व मिळून संपूर्ण प्रतिमा मिळते. लंडनच्या इंपीरियल कॉलेजमधील हॅरल्ड हॉपकिन्स व त्यांचे विद्यार्थी, पंजाबातील मोगा येथे जन्मलेले नरिंदरसिंग कपानी (१९२६–२०२०), यांनी अशा लवचिक तंतुजुडग्यातून प्रतिमा नेण्याविषयीचा लेख २ जानेवारी १९५४ च्या नेचर या नियतकालिकात प्रसिद्ध केला. त्याच अंकात नेदर्लंड्सचे ब्राम व्हान हील यांचाही या विषयावरील लेख होता. कपानी यांना भारत सरकारने २०२१ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण हा सन्मान दिला.

नुसते तंतू एकमेकांना चिकटले असता प्रकाश एकातून दुसऱ्यात झिरपतो व प्रतिमा पुसट होते. ॲन आर्बर येथील मिशिगन विद्यापीठात बॅझिल हिर्शोविट्झ (१९२५–२०१३) या जठरांत्रतज्ञांबरोबर काम करणाऱ्या लॅरी कर्टिस या विद्यार्थ्याने डिसेंबर १९५६ मध्ये कमी प्रणमनांकाच्या काचेचे वेष्टन असलेला तंतू ओढून ही अडचण दूर केली. भौतिकीविज्ञ विल्बर पीटर्स हे या कार्यातील तिसरे सहकारी होत. फेब्रुवारी १९५७ मध्ये हिर्शोविट्झ यांनी पहिला तंतु-अंतर्दर्शक प्रथम स्वतः गिळून पाहिला व त्यानंतर लवकरच रुग्णावर त्याचा उपयोग केला. १९६० पासून हे उपकरण बाजारात मिळू लागले. पुढे जपानी उत्पादकांनी टोक हवे तसे वळविण्याची सोय, हवा व पाणी सोडण्याचा मार्ग आणि चिमटा घालण्यासाठी पोकळ मार्ग या सुधारणा करून त्याला सध्याचे रूप दिले.

निदानातील परिवर्तन : पोकळ मार्गातून सूक्ष्म चिमटा घालून पाहत असलेल्या जागेचाच तुकडा घेता येऊ लागला, तेव्हा अंतर्दर्शनाचे महत्त्व पूर्णपणे प्रकट झाले. व्रणाच्या कडेवरून घेतलेल्या ऊतकाची सूक्ष्मदर्शकाखाली केलेली जीवोतक परीक्षा हा डोळ्यांनी पाहण्यापेक्षाही अधिक विश्वसनीय पुरावा असतो. सराव झालेल्या तज्ञालाही साधा वाटलेला जठर व्रण कर्करोगाचा ठरल्याची उदाहरणे वारंवार आढळत असल्यामुळे जठर व्रणाच्या कडेचे अनेक नमुने घेणे व उपचारानंतर पुन्हा अंतर्दर्शन करणे हा नियम रूढ झाला.

याचा सर्वांत दूरगामी परिणाम पचनज व्रणाच्या बाबतीत दिसून आला. हा विकार अतिरिक्त अम्ल, मानसिक ताण व आहार यांमुळे होतो, असे दीर्घकाल मानले जात असे. हट्टी व्रणासाठी जठराचा भाग कापून काढणे किंवा प्राणेशा तंत्रिकेचा छेद करणे हे नेहमीचे उपाय होते. ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे रोगवैज्ञानिक रॉबिन वॉरन यांना जठराच्या जीवोतक नमुन्यांत वक्र आकाराचे सूक्ष्मजंतू दिसत होते. बॅरी मार्शल यांच्या सहकार्याने १९८२ मध्ये अंतर्दर्शनासाठी आलेल्या १०० रुग्णांचे नमुने घेऊन त्यांनी या जंतूंचा जठरशोथाशी व व्रणाशी असलेला संबंध दाखविला. मार्शल यांनी १९८४ मध्ये जंतूंचे संवर्धन स्वतः पिऊन जठरशोथ उत्पन्न होतो, हे सिद्ध केले. हेलिकोबॅक्टर पायलोरी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या जंतूच्या शोधाबद्दल दोघांना २००५ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. परिणामी ज्या रुग्णाचे जठर पूर्वी कापले गेले असते, तो एक-दोन आठवड्यांच्या प्रतिजैविक व अम्लरोधक औषधांनी बरा होऊ लागला.

भारतात या परीक्षेला आणखी एक महत्त्व आहे. लघ्वांत्र व बृहदांत्र यांच्या संधीजवळ होणारा आतड्याचा क्षय भारतात नेहमी आढळतो. त्याची लक्षणे व बाह्य स्वरूप क्रोन रोगाशी इतके जुळते की, दोहोंत फरक करणे अवघड असते. एकावर क्षयविरोधी औषधे द्यावी लागतात, तर दुसऱ्यावर प्रतिरक्षा दडपणारी औषधे द्यावी लागतात आणि ती क्षयरोग्याला घातक ठरू शकतात. बृहदांत्रदर्शनाने घेतलेल्या अनेक नमुन्यांच्या परीक्षेवर हा निर्णय पुष्कळदा अवलंबून असतो.

उपचारातील उपयोग : न्यूयॉर्क येथे विल्यम वुल्फ व हिरोमी शिन्या यांनी १९६९ मध्ये बृहदांत्रदर्शकातून तारेचा फास घालून विजेच्या उष्णतेने पॉलिप कापून काढला. बृहदांत्राचे बहुतेक कर्करोग काही प्रकारच्या पॉलिपांपासून उद्भवतात. त्यामुळे पॉलिप काढणे म्हणजे कर्करोगाला प्रतिबंध करणे ठरले. १९७३-७४ मध्ये जर्मनीतील एर्लांगेन येथे मायनहार्ट क्लासेन व लुडविख डेम्लिंग यांनी आणि जपानमधील क्योटो येथे केइइची कावाई यांनी ग्रहणीत उघडणाऱ्या पित्तनालाचे मुख अंतर्दर्शकातूनच छेदण्याची पद्धती स्वतंत्रपणे प्रसिद्ध केली. त्यामुळे पित्तनालात अडकून कावीळ करणारे खडे पोट न उघडता काढता येऊ लागले. अन्न गिळता न येणाऱ्या रुग्णाच्या जठरात पोटाच्या भिंतीतून अन्ननळी बसविण्याची पद्धती १९८० मध्ये प्रसिद्ध झाली.

रक्ताची उलटी हा विकार अंतर्दर्शनाच्या उपचारात्मक उपयोगाची खरी कसोटी होय. व्रणातून होणाऱ्या रक्तस्रावात स्रावाच्या जागी अ‍ॅड्रेनॅलिनाचे विरल अंतःक्षेपण, उष्णतेने वाहिनी गोठविणे किंवा धातूची क्लिप लावणे हे उपाय करतात. यकृत सूत्रण रोगात ग्रसिकेतील नीला फुगतात व फुटल्यास थोड्या वेळात प्राणघातक रक्तस्राव होतो. अशा नीलांवर रबरी कडी चढवून त्या बंद करण्याची पद्धती १९८० नंतरच्या दशकात प्रचारात आली व तिने पूर्वीच्या अंतःक्षेपण पद्धतीची जागा घेतली. प्रसाधनगृह स्वच्छ करण्याचे अम्ल प्राशन केल्यामुळे आकसलेली ग्रसिका क्रमाक्रमाने रुंद करणे आणि मुलांनी गिळलेली नाणी व बटनाच्या आकाराचे विद्युत् घट काढणे, हेही नेहमीचे उपयोग आहेत. ग्रसिकेत अडकलेला विद्युत् घट काही तासांतच भिंत जाळत असल्यामुळे तो तातडीने काढावा लागतो.

अलीकडील विकास : १९८३ पासून तंतुजुडग्याऐवजी टोकाशी प्रकाशसंवेदी इलेक्ट्रॉनीय चकती बसविलेले व्हिडिओ अंतर्दर्शक आले. प्रतिमा पडद्यावर दिसू लागल्याने साहाय्यक व विद्यार्थी यांनाही ती एकाच वेळी पाहता आली आणि अध्यापन पुष्कळ सुलभ झाले. काचतंतूंतील प्रकाशवहनाविषयीच्या संशोधनाबद्दल चार्ल्स काओ यांना व अशा चकतीच्या शोधाबद्दल विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांना २००९ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक विभागून देण्यात आले. २००० मध्ये गिळता येणाऱ्या कॅप्सूल अंतर्दर्शकाचे वर्णन प्रसिद्ध झाले. सु. ११ × २६ मिमी. आकाराची ही कुपी लघ्वांत्रातून जाताना हजारो प्रतिमा बिनतारी पद्धतीने बाहेर पाठविते. मात्र तिच्याने नमुना घेता येत नाही. २००१ मध्ये जपानमध्ये दोन फुग्यांच्या साहाय्याने लघ्वांत्रात खोलवर जाणारा अंतर्दर्शक वापरात आला. तेथेच हारुहिरो इनोए यांनी २००८ मध्ये ग्रसिकेच्या खालच्या टोकाचे आखडलेले स्नायू अंतर्दर्शकातून छेदण्याची शस्त्रक्रिया केली. बारीक पॉलिप नजरेतून सुटू नये म्हणून प्रतिमांचे विश्लेषण करणाऱ्या संगणकीय प्रणालीही आता उपलब्ध आहेत.

परीक्षेची पद्धती व धोके : जठरदर्शनापूर्वी सु. सहा ते आठ तास घन आहार वर्ज्य करतात. घशात बधिर करणारा फवारा मारून, आवश्यक वाटल्यास गुंगीचे औषध देऊन, रुग्णाला डाव्या कुशीवर निजवतात. सु. एक मी. लांब व एक सेंमी. पेक्षा किंचित कमी व्यासाचा अंतर्दर्शक दातांमध्ये धरलेल्या नळकांड्यातून आत सोडतात. नळी अन्नमार्गात जात असल्याने श्वासमार्ग मोकळा राहतो. ही गोष्ट आधी नीट समजावून सांगितल्यास रुग्णाची भीती पुष्कळ कमी होते. केवळ पाहावयाचे असल्यास पाच ते दहा मिनिटे पुरतात. बृहदांत्रदर्शनापूर्वी रेचक द्रावण पिऊन आतडे पूर्ण स्वच्छ करावे लागते. त्यात कसूर झाल्यास लहान विकृती दिसत नाहीत.

केवळ निदानासाठी केलेल्या परीक्षेत गंभीर उपद्रव क्वचितच होतात. पित्तनालाच्या अंतर्दर्शनानंतर मात्र शेकडा ३ ते १० रुग्णांना अग्निपिंडशोथ होतो. म्हणून आता केवळ निदानासाठी ते टाळून त्याऐवजी चुंबकीय अनुस्पंदन प्रतिमा किंवा श्राव्यातीत तरंगयुक्त अंतर्दर्शन यांचा अवलंब करतात. एकाच उपकरणाचा उपयोग अनेक रुग्णांवर होत असल्याने प्रत्येक वापरानंतर ते ब्रशाने आतून धुणे व ग्लुटाराल्डिहाइडासारख्या द्रावणात निर्धारित काल बुडवून निर्जंतुक करणे अनिवार्य असते. पित्तनालासाठी वापरावयाच्या अंतर्दर्शकांच्या टोकाशी असलेल्या गुंतागुंतीच्या रचनेमुळे औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंचा प्रसार झाल्याच्या घटना २०१० नंतर अमेरिका व यूरोपमध्ये उघडकीस आल्या. तरुण रुग्णाच्या साध्या अपचनासाठी सरसकट अंतर्दर्शन करणेही योग्य मानले जात नाही.

महाराष्ट्रातील प्रसार : भारतीय जठरांत्रतज्ञांची संस्था १९६० मध्ये व जठरांत्रीय अंतर्दर्शनाची स्वतंत्र संस्था १९७९ मध्ये स्थापन झाली. महाराष्ट्रात या विद्येचा आरंभ व विकास प्रामुख्याने मुंबईतील अध्यापन रुग्णालयांतून झाला. पचन तंत्राच्या आतून पाहण्याबरोबरच उदरपोकळीत बाहेरून लहान छिद्रातून पाहण्याच्या उदरदर्शन या जवळच्या शाखेतही मुंबईने पुढाकार घेतला. सर जे. जे. रुग्णालयात तेहेम्टन उडवाडिया (१९३४–२०२३) यांनी १९७२ मध्ये निदानासाठी उदरदर्शन सुरू केले आणि ३१ मे १९९० रोजी तेथेच भारतातील पहिली उदरदर्शकीय पित्ताशयोच्छेदन शस्त्रक्रिया केली. लहान छेद, रुग्णालयातील अल्प मुक्काम व लवकर कामावर परतता येणे हे लाभ हातावर पोट असणाऱ्या रुग्णाला सर्वांत अधिक मोलाचे आहेत, अशी त्यांची भूमिका होती. त्यांना २००६ मध्ये पद्मश्री व २०१७ मध्ये पद्मभूषण हे सन्मान मिळाले. जर्मनीतील हँबर्ग येथे निब सोहेंद्रा यांच्याकडे प्रशिक्षण घेतलेले अमित मायदेव यांनी मुंबईत पित्तनाल व अग्निपिंड यांच्या उपचारात्मक अंतर्दर्शनाचा विकास केला. त्यांना २०१३ मध्ये पद्मश्री मिळाली.

वैद्यकीय शिक्षण पूर्वी राज्यातील निरनिराळ्या विद्यापीठांच्या कक्षेत होते. १९९८ मध्ये नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्थापन झाल्यावर राज्यभरातील वैद्यक महाविद्यालये त्याच्याशी संलग्न झाली. जठरांत्रविज्ञानातील अतिविशेष पदवीच्या परीक्षाही या विद्यापीठाच्या कक्षेत येतात. अशा प्रकारे मुंबईपासून सु. १७० किमी. अंतरावरील नाशिक हे राज्याच्या वैद्यकीय शिक्षणाचे प्रशासकीय केंद्र बनले. शहरातील अध्यापन व खाजगी रुग्णालयांत उपचारात्मक अंतर्दर्शन आता नित्याचे झाले आहे. त्यासाठी पूर्वीप्रमाणे प्रत्येक रुग्णाला मुंबईस किंवा पुण्यास जावे लागत नाही.

नाशिक जिल्ह्यात १५ तालुके असून पश्चिमेकडील पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर हे तालुके सह्याद्रीच्या डोंगराळ भागात आहेत व तेथे आदिवासी वस्ती मोठी आहे. तालुक्याच्या पातळीवरील ग्रामीण रुग्णालयात सर्वसाधारणपणे ३० खाटा असतात. अंतर्दर्शनाची साधने व तज्ञ तेथे नसतात. अशा भागातील रुग्णाला रक्ताची उलटी झाली असता त्याला शिरेवाटे द्रव देणे, आवश्यक तेवढे रक्त भरणे आणि घाटरस्त्याने शहरात पोहोचविणे या तीन गोष्टींवर त्याचे प्राण अवलंबून असतात. रक्तस्रावानंतर २४ तासांच्या आत अंतर्दर्शन व्हावे, असे सर्वमान्य सूत्र आहे; यकृताच्या रुग्णाच्या बाबतीत ही मर्यादा १२ तासांची मानतात. त्यामुळे अंतर्दर्शकाइतकेच महत्त्व येथे रुग्णवाहिकेला व रक्तसाठ्याला येते. राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा चालू आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू होऊन २०१३ मध्ये राज्यभर लागू झालेल्या व २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जन आरोग्य योजनेत पचन तंत्राच्या काही विकारांवरील उपचारांचाही समावेश असल्याने खर्चाची अडचण काही अंशी कमी झाली आहे.

जठराच्या व ग्रसिकेच्या कर्करोगाच्या बाबतीत घाटरस्त्याच्या अंतराहूनही लक्षणे अंगावर काढण्यात गेलेला काल अधिक घातक ठरतो. गिळताना घास अडकणे, कारणावाचून वजन घटणे, डांबरासारखी काळी शौचास होणे, रक्तक्षय, सतत उलट्या होणे व पन्नाशीनंतर प्रथमच सुरू झालेले अपचन ही लक्षणे आढळल्यास अम्लरोधक गोळ्यांवर आठवडे घालविणे धोक्याचे असते. अशा रुग्णाचे अंतर्दर्शन विनाविलंब करावे लागते. ही लक्षणे प्रथम गावातील आरोग्यसेविका, आशा कार्यकर्ती किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकारी यांच्या कानावर पडतात. त्यांनी ती ओळखून रुग्णाला वेळेवर पुढे पाठविले, तरच कर्करोग जपानी तज्ञांनी व्याख्या केलेल्या प्रारंभिक अवस्थेत सापडण्याची शक्यता असते व त्या अवस्थेतील बरीच अर्बुदे अंतर्दर्शकातूनच, पोट न उघडता, काढून टाकता येतात.